ट्रिगर फिंगरच्या शस्त्रक्रियेनंतरचे सांध्याचे दुखणे : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, विभागवार कामकाज आणि देणगीदारांची नामावली यांच्याबरोबरच एखाद्या आजाराची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, अशी आमच्या संस्थेची प्रथा आहे. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग असे मोठे विषय या पानांवर येतात व ते येणे योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही एक लहान दिसणारा विषय निवडला आहे. हाताचे बोट वळवताना अडकते, सोडवताना खटका बसतो आणि अखेरीस ते वाकलेलेच राहते, या विकाराला वैद्यकीय भाषेत ट्रिगर फिंगर म्हणतात. त्यावरील शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असते व रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी रुग्णाचे नातेवाईक चौकशी खिडकीशी येऊन एकच प्रश्न विचारतात : "ऑपरेशन झालं, बोट सुटलं, मग सांधा अजून का दुखतो?"

प्रस्तुत लेख या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे. आम्ही प्रशासनाच्या बाजूचे, वाणिज्य शाखेत शिकलेले लोक आहोत, वैद्य नव्हे. अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांतील डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचावी, एवढाच आमचा हेतू आहे. प्रत्येक रुग्णाची प्रकृती निराळी असते. म्हणून आपल्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला हाच अंतिम समजावा.

विकाराचे स्वरूप

बोटे वाकविणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांची ओढ बोटापर्यंत नेण्याचे काम दोरीसारख्या चिवट कंडरा करतात. या कंडरा हाडाला धरून राहाव्यात म्हणून निसर्गाने बोटाच्या आतील बाजूस कडीसारखे पट्टे दिले आहेत. त्यांतील पहिला पट्टा बोटाच्या मुळाशी, तळहातात असतो. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तशी कंडरा या कडीतून मागेपुढे सरकते. नाडीला गाठ पडली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, आणि ओढून काढली की झटक्याने बाहेर येते. येथेही तसेच घडते. पहिली कडी जाड होते, कंडरेवर सूज येऊन गाठीसारखा फुगवटा तयार होतो आणि तो कडीशी अडतो. बंदुकीचा चाप ओढून सोडावा तसे बोट खटक्याने सुटते, म्हणून हे नाव पडले. आल्फोन्स नोटा या फ्रेंच वैद्याने १८५० साली कंडरेवरील या गाठीचे वर्णन केले व ती गाठ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अडथळा तळहातात असतो, परंतु रुग्णाला दुखणे जाणवते ते बहुधा बोटाच्या मधल्या सांध्यात. रुग्ण डॉक्टरांपुढे मधला सांधा धरून दाखवतो आणि डॉक्टर मात्र तळहात दाबून पाहतात, याचे कारण हेच आहे. शस्त्रक्रियेचा छेद तळहातात का घेतला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांचेही समाधान यात आहे.

हा विकार साधारणपणे चाळिशीनंतर आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. अंगठा व अनामिका ही बोटे अधिक वेळा सापडतात. सर्वसामान्य माणसाला आयुष्यात केव्हातरी हा विकार होण्याची शक्यता २ ते ३ टक्के मानली जाते, तर मधुमेह असलेल्यांत ती १० टक्क्यांपर्यंत जाते. मधुमेहींत एकाहून अधिक बोटे अडकण्याचे प्रमाणही जास्त असते. संधिवात आणि थायरॉइडची कमतरता असलेल्यांनाही हा त्रास अधिक होतो. बोट अडकते म्हणून आलेल्या रुग्णाची रक्तशर्करा तपासली जाते ती यासाठीच.

मराठवाड्यातील हात

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील हातांना विश्रांती ठाऊक नाही. आषाढ-श्रावणात खुरपणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची कापणी, दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत कापसाची वेचणी, असे चक्र चालू असते. खुरपे आणि विळा मुठीत धरून दिवसभर काम चालते. बोंडातून कापूस ओढताना बोटांची चिमट तासन् तास चालते. घरी परतल्यावर धार काढणे, धुणे पिळणे आणि भाकरी थापणे असतेच. शहरातील शिंप्याची कात्री व न्हाव्याचा वस्तराही याच मुठीवर चालतो. केवळ कामामुळे हा विकार होतो, असे वैद्यकशास्त्र ठामपणे म्हणत नाही. मात्र एकदा सूज आली की वारंवार घट्ट मूठ वळण्याने ती वाढते, हे खरे.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अडकलेल्या बोटाने वेचणाऱ्या बाईचा कापूस कमी भरतो आणि त्याच प्रमाणात तिची मजुरी घटते. म्हणून ती दवाखाना लांबणीवर टाकते. "हंगाम होऊन जाऊ द्या" म्हणता म्हणता महिने जातात आणि बोट वाकलेल्या अवस्थेत राहते. शस्त्रक्रियेनंतर सांधा का दुखतो, याचे अर्धे उत्तर या वाट पाहण्यात दडलेले आहे.

शस्त्रक्रियेआधी व शस्त्रक्रियेत काय होते

प्रत्येक अडकलेल्या बोटाला शस्त्रक्रिया लागत नाही. प्रारंभी हाताला विश्रांती आणि रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी यांनी अनेकांना आराम पडतो. त्याने न भागल्यास कंडरेच्या आवरणाजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते व बऱ्याच रुग्णांचे काम तेवढ्यावर होते. मधुमेहींत मात्र त्याचा गुण तुलनेने कमी येतो आणि इंजेक्शननंतर काही दिवस रक्तशर्करा वाढलेली राहते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

या उपायांनी बोट सुटले नाही, अथवा ते वाकलेलेच राहू लागले, तर शस्त्रक्रिया सुचविली जाते. त्या जागेपुरती भूल देऊन तळहातात एक ते दोन सेंटिमीटरचा छेद घेतात व अडवणारी पहिली कडी उभी कापून मोकळी करतात. रुग्ण जागा असल्याने डॉक्टर तेथेच त्याला बोट वाकवून सरळ करायला सांगतात आणि खटका गेल्याची खात्री करून घेतात. कडी कापल्याने बोट दुबळे होईल, ही भीती अनेकांना वाटते. पण बोटाच्या ताकदीला ज्या कड्या अत्यावश्यक आहेत त्या पुढे, बोटातच असतात व त्यांना धक्का लावला जात नाही.

दुखणे एक नव्हे, तीन

शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे हे एकच नसून तीन वेगवेगळी दुखणी आहेत. ती एकामागून एक येतात, एकमेकांत मिसळतात आणि निरनिराळ्या वेळी संपतात. हा भेद कळला की निम्मी चिंता दूर होते.

पहिले दुखणे जखमेचे. भुलेचा अंमल काही तासांत उतरला की ते सुरू होते व पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते. हात उशीवर उंच ठेवणे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घेणे, यांनी ते आटोक्यात राहते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर हे दुखणे बहुतेक ओसरलेले असते.

दुसरे दुखणे व्रणाचे. छेदाची जागा तळहातात नेमकी तेथेच असते जेथे विळ्याची मूठ किंवा बादलीची कडी टेकते. जखम वरून भरली तरी आतील नवा व्रण कठीण व हळवा असतो. दाब पडला की कळ येते. हा हळवेपणा सहा ते आठ आठवडे आणि काहींना तीन महिन्यांपर्यंत राहतो. व्रण मऊ होत जाईल तसा तो कमी होतो.

तिसरे दुखणे सांध्याचे, आणि नातेवाइकांच्या प्रश्नाचा रोख याच दुखण्याकडे असतो. बोट कित्येक महिने वाकलेल्या अवस्थेत राहिलेले असते. त्या काळात मधल्या सांध्याच्या तळहाताकडील बाजूचे अस्थिबंध आखडतात. गंज चढलेल्या बिजागरीचे दार कुलूप काढले म्हणून लगेच सहज उघडत नाही. शस्त्रक्रियेने कुलूप निघते, बिजागरी मात्र चालवूनच मोकळी करावी लागते. खटक्याच्या भीतीने रुग्णाने ज्या मर्यादेपलीकडे बोट नेलेच नव्हते, तेथपर्यंत ते आता जाऊ लागते. आखडलेले अस्थिबंध ताणले जातात, सांध्याला थोडी सूज येते, पेर जाड दिसते आणि सकाळी उठल्यावर बोट ताठर वाटते. कंडरेवरची जुनी सूजही एका दिवसात जात नाही. हे दुखणे बऱ्याच जणांत काही आठवड्यांत कमी होते. ज्यांचे बोट दीर्घकाळ वाकलेले होते, त्यांना मात्र सूज व ताठरपणा पूर्ण जाण्यास तीन ते सहा महिने लागू शकतात.

तेव्हा टाके निघाल्यावरही सांधा दुखतो म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असा अर्थ काढू नये. खटका गेला असेल, बोट दररोज थोडे थोडे अधिक सरळ होत असेल आणि दुखणे आठवड्यागणिक उतरत असेल, तर प्रकृती योग्य मार्गावर आहे. त्याचबरोबर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, फार काळ वाकून राहिलेला सांधा काही वेळा पूर्ण सरळ होत नाही व थोडा बाक कायम राहतो. म्हणूनच बोट अडकू लागताच दाखवावे, वाकून बसण्याची वाट पाहू नये.

दोन घरे

आमच्या पाहण्यात वारंवार येणारी दोन चित्रे येथे मांडतो. दोन बायका. दोघींचा विकार एक, शस्त्रक्रिया एक, दोघींना मिळालेला सल्लाही एकच. पहिलीच्या घरी मायेने तिला म्हणतात, "हात हलवू नको, दुखेल." हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवला जातो. बोटाला कोणी हात लावू देत नाही. तीन आठवड्यांनी ती येते तेव्हा जखम सुरेख भरलेली असते, परंतु बोट लाकडासारखे ताठ झालेले असते आणि सांध्याला स्पर्शही सहन होत नाही. दुसरीच्या घरी उलट घडते. टाके निघताच ती विळा घेऊन रानात जाते. तळहात सुजतो, व्रण लाल होतो आणि रात्रभर ठणका लागतो.

दोन्ही घरांत प्रेमाची उणीव नाही. पहिल्या घरात विश्रांतीचा अर्थ चुकतो, दुसऱ्या घरात विश्रांती परवडत नाही. डॉक्टरांना अपेक्षित असलेली वाट या दोहोंमधून जाते : बोट पहिल्या दिवसापासून हलवायचे, पण हाताला ओझे आणि घट्ट पकड काही आठवडे द्यायची नाही. हलविणे आणि राबविणे यांतील हा फरक घरातील प्रत्येकाला समजावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

दुखण्याविषयी एक थोर धडा

भारतातील हाताच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रुजू झाले. कुष्ठरोगाने आखडलेल्या हातांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी तेथे १९४८ च्या सुमारास सुरू केल्या. केवळ शस्त्रक्रियेने हात कामाचा होत नाही, त्यानंतर त्या हाताला पुन्हा शिकवावे लागते, हे त्यांच्या कामातून दिसून आले. व्यायाम व पुनर्वसन यांना त्यांनी शस्त्रक्रियेच्या बरोबरीचे स्थान दिले.

त्यांचा दुसरा धडा दुखण्याविषयीचा आहे. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडतात, असा समज सर्वत्र रूढ होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, संवेदना गेल्यामुळे रुग्णाला चटका, काप, घर्षण काहीच कळत नाही व न कळणाऱ्या जखमांनी बोटांची हानी होते. ज्या हाताला दुखत नाही तो हात स्वतःला वाचवू शकत नाही. पुढे १९९३ साली त्यांनी दुखणे ही नकोशी वाटणारी देणगी आहे, या आशयाचे पुस्तकच सहलेखकासह लिहिले. शस्त्रक्रियेनंतरच्या सांध्याच्या दुखण्याकडेही याच दृष्टीने पाहावे. ते शत्रू नसून मोजमाप आहे. व्यायामाने वाढलेले दुखणे अर्ध्या-एक तासात पूर्ववत झाले तर व्यायाम योग्य प्रमाणात झाला. ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले किंवा सूज वाढली तर प्रमाण कमी करावे. अजिबात ताण जाणवलाच नाही तर बोट पुरेसे हलविले गेले नाही, असे समजावे.

घरी काय करावे

व्यायाम साधे आहेत व त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही. प्रथम सर्व बोटे सरळ ताठ करावीत. मग बोटांची मुळे सरळ ठेवून वरचे दोन सांधे आकड्यासारखे वाकवावेत. मग पूर्ण मूठ वळावी. त्यानंतर मुळाशी काटकोन करून बोटे सरळ ठेवावीत, आणि अखेरीस बोटांची टोके तळहाताच्या बुंध्याशी टेकवावीत. प्रत्येक कृती पाच ते दहा वेळा, जागेपणी साधारण दर एक-दोन तासांनी, सोसवेल इतपत करावी. दुसऱ्या हाताने मधला सांधा हळुवार सरळ करून काही क्षण धरावा. झटका देऊ नये. सांधा आखडलेला असल्यास रात्री लावण्यासाठी सरळ पट्टी दिली जाते. ती कपाटात न ठेवता नियमाने वापरावी.

टाके निघेपर्यंत हात कोरडा ठेवावा. शेण, माती व धुण्याचे पाणी यांपासून तो कटाक्षाने जपावा. जखम पूर्ण भरल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनंतर, कोमट पाण्यात हात बुडवून व्यायाम केल्यास ताठरपणा लवकर सैल होतो. त्याच सुमारास खोबरेल तेलाचे बोट घेऊन व्रणावर गोलाकार, मध्यम दाबाने दिवसातून दोन-तीन वेळा चोळावे. व्रण मऊ होण्यास व त्याचा हळवेपणा जाण्यास त्याची मदत होते.

जेवणे, बटणे लावणे, लिहिणे अशी हलकी कामे काही दिवसांतच करता येतात. पीठ मळणे, भाकरी थापणे, धुणे पिळणे, धार काढणे, विळा-खुरपे धरणे, भरलेला हंडा उचलणे ही कामे सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे, डॉक्टर सांगेपर्यंत, दुसऱ्या कोणी करावीत. येथे खरी कसोटी घरातील इतरांची असते. सहा आठवडे भाकरी कोण थापणार, हा प्रश्न वैद्यकीय वाटत नाही, परंतु बोट सुधारणार की नाही हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते. सून, लेक, जाऊ यांच्याप्रमाणेच घरातील पुरुषांनीही त्या काळात चुलीपाशी बसण्यात काही उणेपण नाही.

काय टाळावे

आपल्या भागात दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावण्याची, चुना-गुळाचा लेप देण्याची आणि क्वचित डाग देण्याची रीत अद्याप आढळते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते व फोड येतात. ताज्या व्रणाजवळ असे फोड आल्यास जंतुसंसर्गाला वाट मिळते. हे उपाय कृपया करू नयेत. बोट ओढून "नस बसविणाऱ्या" व्यक्तीकडेही जाऊ नये. तंबाखू व मिश्री यांमुळे जखमेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो आणि ती उशिरा भरते, म्हणून निदान या काळात तरी ती दूर ठेवावी. सोडता आली तर फारच उत्तम. मधुमेहींनी गोळ्या अथवा इन्सुलिन चुकवू नये. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा पोटात व्रण असलेल्यांनी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

त्वरित केव्हा यावे

वर वर्णिलेले दुखणे दिवसेंदिवस उतरते असते. ते चढत गेल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. जखमेभोवती वाढती लाली, पू, ताप, संपूर्ण बोट सुजून ते जरासे सरळ करतानाही असह्य वेदना होणे, ही लक्षणे कंडरेच्या आवरणातील जंतुसंसर्गाची असू शकतात व तेथे काही तासांचा विलंबही महाग पडतो. बोटाच्या एका बाजूस बधिरपणा राहणे, पुन्हा खटका बसू लागणे, किंवा जखमेच्या मानाने फार जास्त जळजळ होऊन संपूर्ण हात सुजणे, त्वचेचा रंग व उष्णता बदलणे, हेही लगेच दाखवावे. अशी गुंतागुंत थोड्या रुग्णांतच होते, पण वेळीच ओळखली तर तिच्यावर उपाय करणे सोपे जाते.

हंगाम आणि निर्णय

शस्त्रक्रिया केव्हा करावी, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. शेतीची कामे कमी असलेला उन्हाळा अनेकांना सोयीचा वाटतो. परंतु मराठवाड्यात तोच पाणीटंचाईचा काळ असतो. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. टंचाईत हंडे वाहणारा हात बहुधा बाईचाच असतो. रानातून सुटलेला हात हंड्याला जुंपला गेला तर विश्रांतीचा हिशेब जुळत नाही. म्हणून तारीख ठरविताना शेताबरोबर घराच्या पाण्याचाही विचार करावा. आणि बोट वाकून बसू लागले असेल तर हंगामाची सबब सांगू नये. आजचे बुडालेले चार आठवडे पुढील कित्येक महिन्यांचे दुखणे वाचवू शकतात.

तपासणीसाठी पुन्हा येणे ही दुसरी अडचण. देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा या बाजूंनी येणाऱ्या रुग्णांना एक फेरी म्हणजे दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या बसमध्ये महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाली, त्याने हा भार काहीसा हलका झाला. तरीही टाके निघाल्यावरची फेरी रुग्णांनी टाळू नये. जखम पाहण्यापेक्षा सांधा किती सरळ होतो ते मोजण्यासाठी ती फेरी असते.

देणगीदारांस निवेदन

जमाखर्च लिहिणाऱ्यास एक गोष्ट चटकन दिसते. शस्त्रक्रियागृहातील दिवा, भुलेचे यंत्र, नवी खाट यांवर दात्याच्या नावाची पाटी लागते. भौतिकोपचार विभागातील लाकडी मेज, कोमट पाण्याचे घमेले, बोटाच्या पट्ट्या आणि रुग्णाशेजारी अर्धा तास बसून बोट हलवायला शिकविणारी व्यक्ती यांवर पाटी लावता येत नाही. खर्चाच्या पत्रकातही त्यांची ओळ लहान असते. परंतु शस्त्रक्रियेवर झालेला खर्च कामी येतो तो या लहान ओळीमुळे. तिच्यावाचून बोट मोकळे होऊनही हात पांगळा राहू शकतो. यासाठी दात्यांनी यापुढे पुनर्वसनाच्या कामाचाही मोकळ्या मनाने विचार करावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. ज्यांनी आजवर कोणतीही अपेक्षा न ठेवता या कामास हातभार लावला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.

रुग्णांच्या आप्तांना एवढेच सांगणे आहे. डॉक्टरांचे काम काही मिनिटांत संपते, आपले काम सहा आठवडे चालते. बोट दुखते म्हणून घाबरू नये, आणि दुखते म्हणून ते बांधूनही ठेवू नये. दर एक-दोन तासांनी व्यायामाची आठवण करून देणारा घरातील माणूस हा उपचाराचाच एक भाग आहे. हा लेख वाचून झाल्यावर ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना तो अवश्य वाचून दाखवावा, ही विनंती.